डोकं दुखतं, पण कसं?

भिवंडीत अनेक गल्ल्यांत यंत्रमागाचा खडखडाट घराच्या भिंतीला लागूनच चालतो. पाळी बारा तासांची. बाप रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपतो आणि एका खोलीत राहणाऱ्या पोरांच्या झोपेचं वेळापत्रकही त्याच्या पाळीवर ठरतं. मुलाचं डोकं वरचेवर दुखायला लागलं की आधी बाम चोळला जातो, मग मेडिकलमधून गोळी येते, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, चष्मा लागला असेल.

चष्म्याची शंका फेडायला वेळ लागत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी होते, त्यात नजरही पाहतात. तक्ता सहा मीटरवर टांगायचा, एक डोळा तळहाताने झाकायचा. पोरं बोटांच्या फटीतून हमखास बघतात, म्हणून तपासणाऱ्याची नजर तक्त्यापेक्षा त्या हातावर जास्त. चष्मा लागलाच तर द्यायलाच हवा. पण पुन्हा पुन्हा दुखणाऱ्या डोक्याचं कारण डोळ्यांत क्वचितच सापडतं.

खरं काम प्रश्नांचं. आणि ते आईआधी मुलाला विचारायचे. "दुखायला लागलं की खेळत राहतोस, की अंधारात जाऊन पडतोस?" उजेड नको, आवाज नको, उलटी झाली, झोपून उठल्यावर स्वारी ताजीतवानी, असं उत्तर आलं तर मायग्रेनचा संशय घ्यावा. मुलांमध्ये ते बहुधा कपाळाच्या दोन्ही बाजूंना असतं आणि दोन तासांत ओसरूही शकतं. म्हणून तर शाळा बुडवायचं नाटक ठरतं!

अमेरिकेतले डॉ. कार्ल स्टॅफस्ट्रॉम यांनी २००२ साली वेगळी वाट दाखवली. २२६ मुलांना त्यांनी आपली डोकेदुखी चितारायला सांगितली. डोक्यावर हातोडा, डोळ्यांपुढे ठिपके, अंथरुणात पडलेलं पोर अशी चित्रं मायग्रेनकडे बोट दाखवतात. नुसती चित्रं पाहून केलेलं निदान बहुतेक वेळा डॉक्टरांच्या निदानाशी जुळलं. उर्दू, तेलुगू, हिंदी, मराठी एकाच रांगेत बसणाऱ्या भिवंडीत पेन्सिल-कागदाची ही युक्ती कामाची आहे.

सगळ्यांना स्कॅन लागत नाही. पण पहाटे दुखण्याने जाग येऊन उलटी होणं, खोकताना दुखणं वाढणं, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, तापाबरोबर मान आखडणं, डोक्याला मार लागल्यावर दुखणं, यांत एक जरी दिसलं तरी दवाखाना उद्यावर ढकलू नये.

पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दुखणं सुरू होताच. ॲस्पिरिन मुलांना नाहीच. त्याने रे सिंड्रोम हा यकृत-मेंदूचा जीवघेणा आजार होऊ शकतो. महिन्यात पंधरा-पंधरा दिवस गोळी पोटात जात राहिली, तर ती गोळीच डोकं दुखवायला लागते. त्यापेक्षा वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ, झोप आणि सकाळचा नाश्ता लिहून ठेवलेलं डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

झोपेचं मात्र घरच्या हातात थोडंच असतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, कारण मुलांची अपुरी झोप. मायग्रेनचं प्रमाण वाढतं ते त्यापुढच्या वयात. पाचवी-सहावीची मुलं या आदेशात नाहीत.