उणे चाळीस बाहेर, सदतीस आत

मे महिन्यात दारव्ह्यात पारा ४४ च्या पुढे जातो, दुपारी घराबाहेर पडवत नाही. अशा दुपारी पोरांना घेऊन ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ बघा. फ्रेंच दिग्दर्शक ल्यूक जॅके यांचा हा माहितीपट २००५ मध्ये आला. पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. भायखळ्याच्या राणीबागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. चित्रपटातले एम्परर पेंग्विन मात्र अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर पिल्लं काढतात.

मादी एकच अंडं घालते, नराच्या पावलांवर सरकवते आणि खाण्याच्या शोधात समुद्राकडे निघते. ते सरकवताना बघणाऱ्याचा श्वास अडकतो, कारण अंडं बर्फावर घरंगळलं आणि लगेच उचललं नाही तर आतला जीव गोठतो. हेही चित्रपट लपवत नाही. पुढे दोन महिने नर ते अंडं पोटाच्या कातडीखाली धरून उभा राहतो. समुद्र सोडल्यापासून मोजलं तर जवळपास चार महिने त्याला उपास घडतो.

मला सगळ्यात भावतो तो नरांचा घोळका. बाहेर उणे ४० अंश, अंगावर हिमवादळ आणि हे शेकडो बाप एकमेकांना खेटून उभे. दर अर्ध्या-एक मिनिटाला प्रत्येकजण जेमतेम पाच-दहा सेंटिमीटर सरकतो, आणि ती हालचाल लाटेसारखी घोळकाभर पसरते. वाऱ्याच्या बाजूला कुडकुडणारे कडेकडेने आडोशाला येतात आणि हळूहळू आत पोचतात. उबेतली जागा कुणाच्याच मालकीची राहत नाही. शास्त्रज्ञांनी आतलं तापमान मोजलं तेव्हा ते ३७ अंशांपर्यंत गेलेलं आढळलं. एवढा उकाडा या पक्ष्यांना सोसवत नाही. उणे दहा ते अधिक वीस अंश हा त्यांचा सुखाचा पट्टा, म्हणून तास-दोन तासांत घोळका फुटतो आणि गारठले की पुन्हा जमतो.

इंग्रजी निवेदनात प्रेमकहाणीचा सूर मला जरा जास्त वाटतो. बहुतेक जोड्या पुढच्या वर्षी बदलतात. पण मादीला यायला उशीर झाला, तर उपाशी बाप आपल्या अन्ननलिकेत तयार होणारा दुधासारखा स्राव पिल्लाला भरवतो, ही गोष्ट अगदी खरी आहे. परतलेली मादी हजारोंच्या गर्दीत जोडीदाराला हाकेवरून ओळखते. ही हाक एकाच वेळी दोन स्वरांत उमटते, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा ठेवा.