जॉब टाकल्यानंतरची राखण
आकड्यांतलं आभाळ : लेखांक ६

मागच्या लेखात आपण डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलची नेमलिस्ट भरली. प्रदेश केवढा, ग्रिड किती बारीक, सुरुवात कोणत्या तारखेपासून, हे सगळं ठरलं. उदाहरणादाखल घेतला होता २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एवढी तफावत असलेला पाऊस मॉडेलला पाडता येतो का, हा आपला प्रश्न होता, आणि अजून आहे. आज मॉडेल प्रत्यक्ष चालवायचं आहे.

मोठ्या यंत्रावर मॉडेल आपण स्वतः चालवत नाही, चालवायला देतो. लॉगिन केल्यावर आपण ज्या नोडवर येतो तो फक्त फाइली संपादित करायला आणि जॉब पाठवायला असतो. तिथेच मॉडेल सुरू केलं तर त्या क्षणी लॉगिन असलेल्या सगळ्यांची कामं अडतात. खरी गणितं मागच्या शेकडो नोडवर होतात आणि तिथे कुणाला कधी जागा द्यायची हे शेड्युलर ठरवतो. स्लर्म हा यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा शेड्युलर. त्याचं काम २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालं. पुण्याच्या सी-डॅकने राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली उभारलेल्या परम मालिकेतल्या अनेक यंत्रांवरही तोच आहे. त्यामुळे इथे जे सांगतो आहे ते पुण्यातल्या विद्यार्थ्याला जितकं लागू आहे, तितकंच परदेशात पीएचडी करणाऱ्यालाही.

शेड्युलरला एक छोटी स्क्रिप्ट द्यायची असते : किती कोअर हवेत, किती मेमरी, किती वेळ, आणि मग कोणता प्रोग्रॅम चालवायचा. पहिल्या तीन आकड्यांवर बहुतेक जण विचारच करत नाहीत. आधीच्या कुणाची तरी स्क्रिप्ट उचलतात, तिच्यातले आकडे तसेच ठेवतात आणि महिनोन्‌महिने तेच वापरतात. हे आकडे काढता येतात, आणि काढलेच पाहिजेत.

वेळेचं बघू. आपलं ग्रिड ९ किलोमीटरचं आहे. डब्ल्यूआरएफमध्ये एका टप्प्याचा काळ सेकंदांत साधारण ग्रिडच्या किलोमीटरच्या सहापट ठेवतात, म्हणजे ५४ सेकंद. आपल्याला ७२ तासांचं चित्र हवं आहे. ७२ तासांचे २,५९,२०० सेकंद, त्यांना ५४ ने भागलं की ४,८०० टप्पे. आता तोच रन आधी फक्त दहा मिनिटं चालवून बघायचा. मॉडेल प्रत्येक टप्प्याला किती सेकंद लागले ते लॉगमध्ये 'टायमिंग फॉर मेन' या ओळीत स्वतःच लिहितं. समजा बहुतेक ओळींवर १.२ सेकंद दिसतात आणि दर दहाव्या ओळीवर ४ सेकंद. तो दहावा टप्पा किरणोत्सर्जनाच्या गणिताचा. ते गणित महाग असल्यामुळे ते दर ९ मिनिटांनीच करायला आपण नेमलिस्टमध्ये सांगितलं आहे. सरासरी निघते सुमारे दीड सेकंद आणि ४,८०० टप्प्यांना लागतात दोन तास. फाइली लिहिण्याचा वेळ धरून तीन तास मागावेत. ते सोडून चोवीस तास मागितले तर काय बिघडतं? बिघडतं, आणि आपलंच बिघडतं.

कारण रांग वाटते तशी सरळ नसते. रविवारी दुपारी एखाद्या खाणावळीत बारा जणांचं कुटुंब टेबलं जोडून मिळण्याची वाट बघत उभं असतं. तेवढ्यात दोन टेबलं रिकामी होतात आणि मागून आलेले दोघे म्हणतात, आम्हाला फक्त चहा हवाय. मालक त्यांना बसवतो, कारण बारा जणांची सोय होईपर्यंत ते उठून गेलेले असतील हे त्याला ठाऊक असतं. शेड्युलर नेमकं हेच करतो आणि याला बॅकफिल म्हणतात. मोठ्या जॉबसाठी नोड गोळा होत असताना मधल्या फटीत छोटे जॉब घुसवले जातात. अट एकच : त्या जॉबने मागितलेला वेळ त्या फटीत बसला पाहिजे. तीन तासांचा जॉब तिथे बसतो. चोवीस तास मागितलेला बसत नाही, मग तो प्रत्यक्षात दोन तासांत संपणारा असला तरी. वेळ नेमकी मागणाऱ्याचा नंबर लवकर लागतो, तो असा.

कोअरचंही तसंच. डब्ल्यूआरएफ प्रदेशाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकेका प्रक्रियेला देतं आणि टप्प्याटप्प्याला शेजारच्या तुकड्यांशी कडेच्या आकड्यांची देवाणघेवाण करतं. तुकडे फार लहान झाले की गणितापेक्षा ही देवाणघेवाणच जास्त वेळ खाते. एका तुकड्यात साधारण २५ बाय २५ बिंदू असावेत हा चांगला अंदाज आहे. आपल्या २०० बाय २०० च्या ग्रिडला त्या हिशेबाने ६४ कोअर पुरतात. ५१२ मागितले तर रन आठपट वेगाने धावणार नाही, पण रांगेत मात्र जास्त थांबावं लागेल.

जॉब टाकला. आता तो 'पेन्डिंग' दिसतो. त्याच ओळीच्या शेवटी कंसात कारण लिहिलेलं असतं आणि ते वाचायची सवय लावून घ्यायला हवी. 'प्रायॉरिटी' म्हणजे पुढे दुसऱ्यांचे जॉब आहेत, थांबा. 'रिसोर्सेस' म्हणजे तुमचाच नंबर आहे, नोड मोकळे होत आहेत. 'डिपेन्डन्सी' म्हणजे हा जॉब दुसऱ्या जॉबसाठी थांबला आहे. आणि 'डिपेन्डन्सी नेव्हर सॅटिस्फाइड' दिसलं तर ज्याच्यासाठी थांबला होता तो जॉब फसला आहे आणि हा आता कधीच सुरू होणार नाही. असे जॉब आठवडेच्या आठवडे रांगेत पडलेले दिसतात. आणखी एक विनंती : दर सेकंदाला रांगेची स्थिती विचारणारी स्क्रिप्ट लावून ठेवू नका. प्रत्येक विचारणा शेड्युलरला करावी लागते आणि शंभर जणांनी असं केलं तर तो उत्तरं देण्यातच गुंततो. दोन-तीन मिनिटांनी एकदा विचारणं पुरेसं असतं.

जॉब सुरू झाल्यानंतरची पहिली दहा मिनिटं सर्वांत मोलाची. बहुतेक चुका याच वेळात उघड होतात : फाइलचा मार्ग चुकला, मेमरी अपुरी पडली, स्टॅकची मर्यादा न वाढवल्यामुळे सेगमेंटेशन फॉल्ट आला. हे सगळं पटकन कळतं आणि पटकन दुरुस्त होतं. त्यानंतरची भानगड अधिक खोल आहे.

आपण हाच पाऊस ३ किलोमीटरच्या ग्रिडवर चालवला असं समजा. प्रदेश तेवढाच ठेवला तर बिंदू नऊपट होतात, टप्पा तिपटीने लहान होतो, म्हणजे काम सत्तावीसपट. पण खरी अडचण सह्याद्रीची आहे. ९ किलोमीटरच्या ग्रिडवर घाटाची कडा मऊ उतारासारखी दिसते, ३ किलोमीटरवर ती उभी राहते. अरबी समुद्रावरून आलेला वारा तिला धडकून जोरात वर चढतो आणि एका टप्प्यात हवा एका चौकटीतून पलीकडे इतकी पुढे सरकते, की गणिताला तिचा माग राहत नाही. कूरां, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्ये या मर्यादेची अट मांडली. आजही तिला त्यांच्या आद्याक्षरांवरून सीएफएल म्हणतात. ती मोडली की डब्ल्यूआरएफ लॉगमध्ये किती बिंदूंनी सीएफएल ओलांडला ते लिहितं आणि सर्वांत बिकट बिंदूचा पत्ताही देतं.

इथे एक बारकी गोष्ट नवख्यांना तासन्‌तास छळते. डब्ल्यूआरएफची प्रत्येक प्रक्रिया आपला स्वतंत्र लॉग लिहिते. ६४ प्रक्रिया असतील तर ६४ आउट आणि ६४ एरर अशा १२८ फाइली. सगळे शून्य क्रमांकाची फाइल उघडतात, कारण वेळेच्या ओळी तिच्यात असतात. पण कोकणातला तुकडा ज्या प्रक्रियेकडे गेला, तिचा क्रमांक ३७ असेल तर तक्रार ३७ क्रमांकाच्या फाइलीत असते. शून्याची फाइल मधेच तुटलेली दिसते आणि कारणाचा पत्ता लागत नाही. म्हणून शोध नेहमी सगळ्या फाइलींत घ्यायचा. सुरुवातीच्या काही टप्प्यांत सीएफएलच्या तुरळक ओळी आल्या तर घाबरायचं कारण नाही, मॉडेल स्थिरावत असतं. तोच बिंदू टप्प्यामागून टप्पा येत राहिला आणि ओलांडणाऱ्या बिंदूंची संख्या वाढत गेली, तर जॉब तिथेच रद्द करावा. टप्पा १८ सेकंदांवरून १५ किंवा १२ वर आणावा, उभ्या वाऱ्याला आवर घालणारा पर्याय चालू करावा आणि पुन्हा टाकावा. मॉडेल पुढे सावरेल म्हणून वाट बघण्यात फक्त कोअर-तास जळतात.

आणि एक मुकी बिघाडाची जात आहे. रांगेत जॉब 'रनिंग' दिसतो, एरर कुठेच नाही, पण लॉग चाळीस मिनिटांपूर्वीच्या ओळीवर थांबलेला. एक प्रक्रिया अडकली आहे आणि बाकीच्या तिच्याकडून आकडे येण्याची वाट बघत आहेत. शेड्युलरच्या दृष्टीने सगळं ठीक असतं, कारण प्रक्रिया जिवंत आहेत. लॉग फाइलीत शेवटची भर कधी पडली ती वेळ बघणं हाच इथे उपाय.

लांबच्या रनला कधीतरी वेळेची मर्यादा आडवी येतेच. वेळ संपली की स्लर्म आधी थांबण्याचा इशारा देतं आणि नेहमीच्या मांडणीत ३० सेकंदांनी जॉब सक्तीने मारतं. तेवढ्यात काही वाचवता येत नाही. म्हणून मॉडेलला ठरावीक अंतराने आपली पूर्ण अवस्था रीस्टार्ट फाइलीत लिहायला सांगतात. किती अंतराने? जॉन यंगने १९७४ मध्ये यासाठी एक सोपं सूत्र दिलं : फाइल लिहायला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी वेळ यांच्या गुणाकाराची दुप्पट करा आणि तिचं वर्गमूळ घ्या. लिहायला २ मिनिटं लागतात आणि सरासरी २४ तासांनी बिघाड होतो असं धरलं, तर उत्तर येतं ७६ मिनिटं. सव्वा तासाने एकदा लिहिलं की झालं.

रीस्टार्टचा विषय निघाला की एडवर्ड लॉरेन्झची आठवण टाळता येत नाही. १९६१ मध्ये एमआयटीत ते रॉयल मॅकबी कंपनीच्या छोट्या संगणकावर बारा समीकरणांचं हवामान चालवत होते. एक रन पुढेपर्यंत बघायचा म्हणून त्यांनी तो मधूनच सुरू केला आणि छापील कागदावरचे आकडे टाइप केले. चहापाण्याला जाऊन तासाभराने परत आले, तेव्हा संगणकाने दोन महिन्यांचं हवामान काढलेलं होतं आणि ते आधीच्या रनशी अजिबात जुळत नव्हतं. त्यांना आधी यंत्राची नळी बिघडल्याचा संशय आला. खरं कारण असं की संगणकात आकडा होता ०.५०६१२७ आणि कागदावर जागा वाचवण्यासाठी छापला होता ०.५०६. त्या तीन गाळलेल्या अंकांतून पुढे केऑसचं शास्त्र उभं राहिलं. रोजच्या कामापुरता त्यातून निघणारा नियम असा : रीस्टार्ट विश्वासावर घ्यायचा नाही. एकदा ४८ तासांचा रन सलग चालवावा, तोच २४ अधिक २४ असा तोडून चालवावा आणि शेवटच्या फाइली ताडून बघाव्यात. शेवटच्या अंकापर्यंत जुळल्या तरच तुमची मांडणी बरोबर.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. जॉब संपतो आणि स्थिती दिसते 'कम्प्लीटेड'. या शब्दावर विसंबून लोक प्रबंध लिहितात. स्लर्मच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या स्क्रिप्टची शेवटची आज्ञा बिनचूक पार पडली. मॉडेल मधेच कोसळलं आणि स्क्रिप्टच्या शेवटी तारीख छापणारी किंवा फाइली हलवणारी एखादी ओळ असेल, तर तीही ओळ यशस्वी होते आणि जॉब 'कम्प्लीटेड' ठरतो. मग 'आधीचा यशस्वी झाला तरच' अशी अट घालून साखळीत जोडलेला पुढचा जॉब अर्धवट फाइली घेऊन निघतो. कुठलीही आज्ञा फसली की तिथेच थांब, ही सूचना स्क्रिप्टच्या वरच लिहावी आणि लॉगच्या शेवटी 'सक्सेस कम्प्लीट डब्ल्यूआरएफ' ही ओळ आहे का ते डोळ्यांनी बघावं.

तीही ओळ आली, तरी प्रश्न उरतोच. मॉडेलने पाऊस समुद्रावरच पाडून संपवला असेल, किंवा सांताक्रूझ आणि कुलाबा दोन्हीकडे सारखाच २०० मिलिमीटर दाखवला असेल, तर शेड्युलरलाही ते खटकणार नाही आणि मॉडेललाही नाही. शेड्युलर प्रक्रिया बघतो, मॉडेल गणिताची स्थिरता बघतं. आभाळ बघायचं काम माणसाचंच आहे. पहिले सहा तास झाले की फाइल उघडून वारा, दाब आणि पाऊस नकाशावर काढून बघावेत, रन संपेपर्यंत थांबू नये.

जिथे अंदाज रोज ठरल्या वेळी द्यायचा असतो, तिथे हे सगळं एका माणसाच्या नजरेवर सोडत नाहीत. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राने त्यासाठी ईसीफ्लो बनवलं. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं सिल्क ब्रिटनच्या हवामान खात्यातही वापरलं जातं. कोणतं काम कशानंतर, फसलं तर किती वेळा पुन्हा, कितीला उशीर मानायचा, हे सगळं त्यांत आधीच लिहिलेलं असतं. पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०२४ पासून ११.७७ पेटाफ्लॉप्सचं 'अर्क' आहे. तेवढ्या क्षमतेच्या यंत्रावरही वेळेत न आलेला अंदाज उपयोगाचा नसतो.

पुढच्या आठवड्यात आपल्या ७२ तासांच्या रनची फाइल उघडून सांताक्रूझ आणि कुलाब्याचे आकडे काढू. तोपर्यंत तुमच्या संस्थेच्या यंत्रावर रांगेत पडलेले तुमचे निकामी जॉब रद्द करा. तुमच्या मागे कुणीतरी थांबलेलं आहे.