'जैन' शब्दाआड दडलेले तेल

साताऱ्याचा राजपथ असो वा सांगलीची गणपती पेठ, आपल्या व्यापारी घरांतील मुलांचा दिनक्रम सारखाच झाला आहे: रिक्षाने शाळा, पुढे शिकवणी, मग मोबाईल. अजिंक्यतारा समोर दिसतो, चढणे मात्र सहलीपुरते. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते.

आहाराचे नियम कडक, म्हणून आपण निर्धास्त राहतो. परंतु पाकिटावरील 'जैन' हा शब्द कांदा, लसूण, बटाटा नाही एवढेच सांगतो. तेल-साखरेविषयी तो मौन पाळतो. बटाट्याऐवजी केळ्याचे वेफर्स घेतले तरी तळण तेच. पाच वाजता फरसाणाने पोट भरलेले मूल सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला भाकरी-भाजी नाकारते. तेथे फुटाणे किंवा एखादे फळ चालते. ऊनोदरी मात्र मोठ्यांनी पाळावी. वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे.

आकडे वाचण्याची सवय आपल्याला आहेच. वेष्टनावरील साखर बहुधा 100 मिलिलिटरची असते. तेथे 11 ग्रॅम लिहिले असेल, तर 300 मिलिलिटरच्या बाटलीत 33 ग्रॅम, म्हणजे सुमारे आठ चमचे.

केंद्राच्या 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेत व फाटकापासून 50 मीटरपर्यंत अतिस्निग्ध, अतिखारट, अतिगोड पदार्थांच्या विक्रीस मनाई आहे. एक्कावन्नाव्या मीटरवरचे दुकान पुष्कळदा आपल्यापैकीच कोणाचे तरी असते.