दप्तराच्या छायालेखनाचा जुना कॅमेरा : दुरुस्ती कीं बदल ?

कांहीं वर्षांपूर्वीं एका घराण्याचें खासगी दप्तर पाहण्याची प्रस्तुत लेखकास एका दिवसापुरती परवानगी मिळाली. मालकांनीं मोठ्या सौजन्यानें रुमाल सोडून दिले, कागदांचीं छायाचित्रें घेऊन झालीं, व सायंकाळीं रुमाल पुन्हां बांधले गेले. घरीं येऊन पाहतां, जीं लांब पत्रें दोन तुकड्यांत घेतलीं होतीं त्यांपैकीं कित्येकांच्या शेवटच्या चौकटींत खालच्या कडेस काळा पट्टा आलेला आढळला. मोडी पत्राचा शेवट म्हणजे ‘छ’ नें दर्शविलेली चंद्राची तारीख व मोर्तब यांची जागा. मजकूर हातीं राहिला, मिति गेली. आणि मितीवांचून पत्राची किंमत किती उरते, हें वाचकांस सांगणें नलगे. त्या कागदांचें पुन्हां दर्शन झालें नाहीं. दोष होता पुष्कळ राबलेल्या कॅमेऱ्याच्या शटरचा. आणि तो आधीं तपासला नाहीं, हा दोष लेखकाचा. इतरांवर असा प्रसंग येऊं नये, म्हणून हें टिपण.

डिजिटल कॅमेऱ्यांत प्रकाश-संवेदकापुढें दोन पातळ पडदे असतात. पहिला सरकून संवेदक उघडा करतो, दुसरा त्याच्या मागोमाग येऊन तो झांकतो. झिजेमुळें या दोघांच्या चालींत फरक पडला कीं चौकटीच्या लांब कडेला समांतर असा एक पट्टा कमी उजेडाचा राहतो. हे पडदे किती वेळां चालावे याचा अंदाज कारखानदार देतात. निकॉनचा २०१५ सालचा डी ७२०० आणि कॅननचा २०१६ सालचा ५डी मार्क ४, या दोहोंस तो १,५०,००० आहे. ही हमी नव्हे, केवळ अजमास होय. हौशी मनुष्यास हा आंकडा गांठण्यास एक तपही पुरत नाहीं. परंतु दिवसास ५०० चित्रें व वर्षांतून १०० दिवस काम, असा हिशेब धरल्यास संग्राहकाचा कॅमेरा तीन वर्षांतच तेथें पोंचतो.

म्हणून प्रथम संख्या पाहावी. निकॉनच्या चित्रफायलींत ती बहुधा नोंदलेली असते व एक्झिफटूल या मोफत साधनानें वाचतां येते. मग एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचीं चित्रें, तितकाच उजेड पडेल अशा बेतानें, सेकंदाचा १/६०, १/५०० व १/२००० भाग अशा वेगांनीं घ्यावीं. पडद्यांचा बिघाड प्रथम जलद वेगांत दिसतो. मंद वेगांत तो लपून राहतो. ही परीक्षा दर महिन्यास करावी, आणि परस्थळीं जाण्यापूर्वीं तर अवश्य करावी.

दुसरा प्रश्न असा कीं, आहे तो कॅमेरा कामास पुरेसा आहे काय ? डी ७२०० चें चित्र ६००० × ४००० बिंदूंचें असतें. इंचास ४०० बिंदू हें प्रमाण धरल्यास त्यांत १५ × १० इंचांचा कागद मावतो. म्हणजे १२ × ५ इंचांचें पोथीचें पान सुखानें येतें. अशा कामास नव्या कॅमेऱ्याचे अधिक बिंदू व्यर्थ होत. परंतु २४ × १८ इंचांचा नकाशा एकाच चौकटींत घेऊं गेल्यास इंचास जेमतेम २२२ बिंदू पडतात व बारीक अक्षर पुसट होतें. नकाशे क्वचितच येत असतील तर ते तुकड्यांनीं घेऊन जोडावे; नेहमींचेंच काम असेल तर बदल योग्य.

यावरून निर्णय सुलभ होतो. संवेदकावरील धूळ हा बिघाड नव्हे. ती साफ करवावी. सुटलेलें रबर, सैल झांकण यांसाठीं कॅमेरा टाकणें हा अविचार. केवळ शटर झिजलें असेल, सुटा भाग मिळत असेल, आणि दुरुस्तीचा खर्च त्याच जातीच्या कमी वापरलेल्या कॅमेऱ्याच्या किंमतीच्या निम्म्याहून कमी असेल, तर दुरुस्ती करावी. मुख्य विद्युत्‌-पट्ट बिघडला असेल, अथवा वर्षभरांत दुसरा दोष निघाला असेल, तर बदलावा. अधूनमधून दिसणारा दोष सर्वांत घातक. कारण तो कारागिराच्या मेजावर दिसत नाहीं, दप्तरापुढें दिसतो.

बदलतांना भिंग टाकूं नये. चांगलें भिंग दोन-तीन कॅमेऱ्यांस पुरतें. तें जुळेल असाच नवा कॅमेरा पाहावा. आरसा नसलेल्या पुष्कळ नव्या कॅमेऱ्यांत पडद्यांवांचून विद्युत्‌-शटरनें चित्र घेतां येतें. त्यानें झीज टळते. मात्र लुकलुकणाऱ्या दिव्याखालीं चित्रावर पट्टे उमटतात, म्हणून आपले दिवे आधीं पारखून घ्यावे.

दुरुस्त केलेला जुना कॅमेरा घरच्या संग्रहासाठीं ठेवावा. तेथें चुकलेलें पान दुसऱ्या दिवशीं पुन्हां घेतां येतें. दुसऱ्याच्या दारीं मात्र ज्याविषयीं मनांत शंका नाहीं असाच कॅमेरा न्यावा, व रुमाल बांधण्यापूर्वीं प्रत्येक पत्राची शेवटची ओळ चित्रांत वाचून पाहावी. बोरू बोथटल्यावर लेखक तो तासून घेत, व फारच आंखूड झाला कीं नवा घेत. पण तासायचा तो लिहावयास बसण्यापूर्वीं. हाच न्याय येथें लागू आहे.