टक्कर शिकवावी कॅरमवर

नववीच्या विज्ञानात संवेग येतो तो सूत्राच्या रूपात: वस्तुमान गुणिले वेग. मुलं ते पाठ करतात, पण त्यात दिशाही आहे हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. सतराव्या शतकात खुद्द देकार्तनेही दिशा हिशेबात धरली नव्हती. पुढे हायगेन्सने ती चूक सुधारली.

माझ्या मते इथे कॅरमबोर्डाइतकं चांगलं साधन नाही. 15 ग्रॅमचा स्ट्रायकर सेकंदाला 2 मीटर वेगाने येऊन 5 ग्रॅमच्या स्थिर सोंगटीवर समोरासमोर आदळला असं धरा. संवेग झाला 30 ग्रॅम-मीटर प्रति सेकंद. घर्षण सोडून दिलं आणि टक्कर पूर्ण स्थितिस्थापक मानली, तर स्ट्रायकर 1 मीटरच्या वेगाने पुढे सरकतो आणि सोंगटी 3 मीटरच्या वेगाने सुटते. 15 अधिक 15, पुन्हा 30. आता स्ट्रायकरला मेण लावलं आणि दोन्ही चिकटले तर? एकत्रित वेग दीड मीटर. संवेग तोच 30, पण गतिज ऊर्जेचा चौथा हिस्सा उष्णतेत, आवाजात आणि मेण दबण्यात जातो. इथे वर्गाने थोडं थांबावं. संवेग टिकतो, गतिज ऊर्जा टिकेलच असं नाही. हा फरक नुसत्या फळ्यावरच्या गणितातून क्वचितच मनात उतरतो.

मग सोंगटीवर सोंगटी मारून बघू द्या: आदळणारी जवळजवळ जागीच थबकते, दुसरी निघते. शिक्षकांनी आधी मुलांना अंदाज बांधू द्यावा, सूत्र त्यानंतर लिहावं.