रोपाच्या माथ्यावरील टरफल

डहाणू व तलासरी या तालुक्यांत भाताची झोडणी आटोपली, की ज्या शेतकऱ्यांच्या हाताशी विहिरीचे, ओढ्याचे अथवा कालव्याचे थोडेफार पाणी असते, ते भाजीपाल्याच्या तयारीस लागतात. दुधी, कारली, पडवळ, काकडी यांच्यासाठी आळी खणली जातात. मिरचीच्या लागवडीबद्दल तर डहाणूचे नाव दूरवर घेतले जाते. दुधी हे फळ या भागात केवळ भाजीपुरते नाही. वारली समाजाचे तारपा हे वाद्य वाळलेल्या दुधीपासूनच घडविले जाते. अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचित पिकातही एक अडचण वारंवार अनुभवास येते. बी उगवते, कोंब जमिनीबाहेर येतो. परंतु बियाचे टरफल त्याच्या माथ्यावर टोपीसारखे घट्ट बसलेले असते.

प्रथमदर्शनी ही बाब क्षुल्लक वाटते. पण त्या टरफलात रोपाची पहिली दोन पाने, म्हणजे बीजदले, कोंडलेली असतात. ती उघडल्यावाचून त्यांना सूर्यप्रकाश मिळत नाही व रोपास स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. रोप पिवळे पडते, खुरटते आणि टरफलाच्या आत ओल साचून राहिल्यास पाने कुजू लागतात. ज्याची वीस-पंचवीसच आळी आहेत, अशा शेतकऱ्याची पाच रोपे गेली, तर त्याचा मांडव चतुर्थांश ते पंचमांश रिकामा राहतो. पुन्हा बी टोकावे, तर महागड्या पाकिटातील बी संपलेले असते आणि तोडणी लांबते. म्हणून ही अडचण का उद्‌भवते हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

टरफल सुटते कसे?

हरभरा, वाटाणा, तूर यांची बीजदले जमिनीतच राहतात. त्यामुळे या पिकांत हा प्रश्न येत नाही. दुधी, काकडी, कारली व मिरची यांची बीजदले मात्र वर येतात आणि येताना त्यांना टरफलातून बाहेर पडावे लागते.

दुधी-काकडीच्या वर्गात निसर्गाने यासाठी एक सुरेख योजना केली आहे. बियाच्या निमुळत्या टोकातून मूळ बाहेर पडून खाली वळते. मूळ व खोड यांच्या सांध्यापाशी, खालच्या अंगास, एक लहानशी खुंटी निर्माण होते. ही खुंटी टरफलाच्या खालच्या पाकळीस अडकून ती जमिनीत दाबून धरते. त्याच वेळी खोड कमानीसारखे वाकून वर उचलले जाते आणि बीजदले टरफलातून अलगद ओढली जातात. टरफल मातीतच राहते व रोप मोकळे होऊन वर येते. चार्ल्स डार्विन यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या हालचालींविषयीच्या ग्रंथात या खुंटीचे वर्णन केले आहे. ती खालच्याच अंगास यावी, हे गुरुत्वाकर्षणामुळे ठरते. १९९८ साली अंतराळयानात काकडीचे बी उगवून पाहण्यात आले, तेव्हा त्या रोपांना खुंटी दोन्ही अंगांस आलेली आढळली.

मिरचीच्या बियात अशी सोय नाही. तेथे टरफल सुटण्यास वरच्या मातीच्या घर्षणाचाच मुख्य आधार असतो.

टरफल का अडकते?

पहिले कारण म्हणजे बी फार वर पडणे. वर मातीचा पुरेसा थर नसला, तर टरफलास धरून ठेवणारे काहीच नसते आणि ते रोपाबरोबर वर उचलले जाते. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये हलक्या कोकोपीटवर बी नुसते ठेवून वर चिमूटभर थर दिल्यास हाच परिणाम दिसतो.

दुसरे कारण म्हणजे वेलभाज्यांचे चपटे बी उभे अथवा कडेवर टोकणे. अशा स्थितीत खुंटीला टरफलाची पाकळी नीट पकडता येत नाही.

तिसरे कारण ओलीचा अभाव हे होय. भिजलेले टरफल मऊ असते. वाळले, की ते आवळून बसते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने ही तक्रार कमी दिसते. पौष-माघात मात्र तलासरीकडील आतल्या भागात रात्री गार व दिवस कोरडे असतात. गारव्याने उगवण लांबते आणि दुपारच्या कोरड्या हवेने मातीचा वरचा थर सुकतो. नेमके कोंब वर येताना पाणी देण्यात खंड पडला, की टरफल माथ्यावरच वाळते.

चौथे कारण जुने, कमकुवत अथवा नीट न पिकलेल्या फळाचे बी हे आहे. त्याच्या कोंबात टरफल सोडण्याइतका जोर नसतो.

पेरणीच्या वेळी घ्यावयाची काळजी

घरचे बी ठेवावयाचे असल्यास फळ वेलावर पूर्ण पक्व होऊ द्यावे. पेरणीपूर्वी थोडे बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. दुधीचे बी रात्रभर व कारल्याचे जाड टरफलाचे बी सुमारे २४ तास पाण्यात भिजवून नंतर ओल्या फडक्यात बांधून ठेवावे. पाकिटातील बियाण्यास औषध चोळलेले असल्यास ते भिजवू नये व हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

वेलभाज्यांचे बी सुमारे २ ते २.५ सेंटिमीटर खोल, आडवे व सपाट ठेवावे. मिरचीचे बी अर्ध्या ते एक सेंटिमीटर खोलीवर पेरून ते चाळलेली माती व कुजलेले शेणखत यांनी झाकावे. वरची माती हाताने हलकेच दाबावी. नंतर भाताचा पेंढा पातळ पसरून झारीने पाणी द्यावे. कोंब दिसू लागताच पेंढा सायंकाळी काढावा. तो तसाच राहिल्यास रोपे उंच व लुसलुशीत होतात. मात्र पेंढा काढल्यावर पुढील दोन-तीन दिवस वरची ओल तुटू देऊ नये. चिखल होईल इतके पाणीही देऊ नये, कारण त्याने रोपे कोलमडतात.

प्रत्येक आळ्यात एकाऐवजी दोन-तीन बिया टोकाव्यात व जोमदार रोप ठेवून बाकीची विरळावीत. महागडे संकरित बी असल्यास आळ्यात एकच टोकून चार-सहा रोपे पिशव्यांत वेगळी वाढवावीत. वेलभाज्यांच्या मुळांना धक्का सोसत नाही; पिशवीतील रोप मातीच्या गड्ड्यासह लावल्यास नांगी भरणे सोपे जाते.

टरफल अडकल्यास काय करावे?

सर्वांत मोठी चूक उतावळेपणाची होते. कोरडे टरफल चिमटीत धरून वर ओढल्यास बीजदले तुटतात आणि कधी कधी त्यांच्या मधला शेंडाही मोडतो. शेंडा गेला, की रोप गेले. म्हणून प्रथम एक-दोन दिवस वाट पाहावी. पुष्कळ रोपे टरफल आपणहून टाकतात.

तेवढ्याने न सुटल्यास सकाळी, हवेत दमटपणा असताना, टरफलावर पाण्याचे दोन-तीन थेंब सोडावेत किंवा ओल्या कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास ठेवावा. टरफल मऊ झाले, की एका हाताने खोडास आधार द्यावा व दुसऱ्या हाताच्या बोटांनी टरफलाच्या दोन्ही कडांवर हलका दाब द्यावा. फट पडते व एक पाकळी सुटते. सुटत नसल्यास जोर न करता पुन्हा भिजवावे. आत चिकटलेला पातळ पापुद्राही ओला करूनच सोडवावा. चाकू वा ब्लेड वापरू नये.

मिरचीच्या बाबतीत अधिक सबुरी हवी. मिरचीच्या कोंबाचे साठविलेले अन्न बीजदलांत नसून त्यांच्या भोवतीच्या गरात असते. ते शोषून होण्यापूर्वी टरफल काढल्यास रोप उपाशी राहते. शिवाय वाफ्यातील शेकडो रोपे एकेक करून सोडविणे शक्यही नसते. सकाळी बारीक तुषार मारून काही तास वाफ्यावर ओले फडके काठ्यांच्या आधाराने अधांतरी धरावे. बहुतेक रोपे आपोआप मोकळी होतात.

मोकळी झालेली बीजदले फिकट व नाजूक असतात. त्यांना एक-दोन दिवस दुपारच्या उन्हापासून सावली द्यावी. बीजदलाचा तुकडा तुटला तरी शेंडा शाबूत असल्यास रोप ठेवण्यास हरकत नाही. ते काळे पडून कुजले असल्यास वेळ न दवडता दुसरे रोप लावावे.

बियाण्याची निवड, वाणांची माहिती अथवा रोगाची शंका असल्यास १९७६ पासून डहाणू तालुक्यात कार्य करीत असलेल्या कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्राचा किंवा आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा.

अडकलेले टरफल हाताने सोडविणे हा शेवटचा उपाय होय. खरा उपाय पेरणीच्या दिवशीच करावयाचा असतो. बी जोमदार असावे, ते आडवे ठेवलेले असावे, वर योग्य मातीचा थर असावा आणि कोंब येईपर्यंत ओल टिकावी. एवढे जपल्यास टरफल मातीतच राहील आणि मांडवाखालचे एकही आळे रिते राहण्याची पाळी सहसा येणार नाही.