गेमिंगसाठी हेडफोन घ्यावा की स्पीकर? खरेदीआधी हे वाचा

बीजीएमआयमध्ये शत्रू कुठून येतोय, हे अनेकदा आधी पावलांच्या आवाजावरून कळतं. मग पैसे कशावर खर्च करावेत?

दिशा कशी कळते? : डावीकडचा आवाज उजव्या कानात जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. स्पीकरचा आवाज भिंतींवर आपटून मिसळतो. विंचूरसारख्या महामार्गावरच्या गावात त्यात ट्रक-ट्रॅक्टरची घरघरही येते. इथे हेडफोन सरस.

वायर की ब्लूटूथ? : ब्लूटूथमध्ये आवाज ०.१ ते ०.२ सेकंद मागे पडू शकतो. मॅचसाठी वायरचाच घ्या.

स्पीकर कधी? : मित्रांसोबत क्रिकेट किंवा रेसिंग खेळताना. कान मोकळे राहतात, घरच्यांची हाकही ऐकू येते. मात्र रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागातली ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे, हे विसरू नका.

कानांचं काय? : जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित, ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

थोडक्यात : मॅचला हेडफोन, मजेला स्पीकर. हेडफोन लावूनही शेजारच्याचं बोलणं ऐकू येईल, इतकाच आवाज ठेवा.